नेट कुठपर्यंत आलंय?

नळाला पाणी आलं नाही की आपण काय करतो? आधी शेजारी विचारतो, 'तुमच्याकडे आलं का हो?' त्यांच्याकडे आलं असेल तर आपला कॉक बघतो, टाकीचा बॉल हलवून बघतो. त्यांच्याकडेही नसेल तर हंडे पालथे घालून गप्प बसतो. हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं. मग नेट गेलं की तेवढे आपले हातपाय का गळतात? 'अहो, नेट गेलं!' असं ओरडून मोकळं व्हायचं आणि कम्प्युटरवाल्या मुलाची वाट बघत बसायचं... मीही तशीच होते. पण आमच्याकडे नेट जाणं म्हणजे नुसतं नेट जाणं नव्हतं. त्यात दोन भावांचा अबोला अडकलेला होता.

आमचं चाळीसगावचं घर जुनं. पुढे ओसरी आणि बैठकीची खोली, मध्ये माजघर, मागे दोन खोल्या आणि परसदार. २००७ च्या दिवाळीनंतर आमच्या चुली वेगळ्या झाल्या. पुढचा भाग मोठ्या दिरांकडे, मागचा आमच्याकडे आणि मधलं माजघर सासूबाईंचं. भांडी वाटली, कपाटं वाटली, परसातला कडुलिंब तेवढा सामाईक राहिला. आणि सामाईक राहिली एक निळी वायर.

ती वायर म्हणजे आमचं इंटरनेट. फोनची लाइन पुढच्या खोलीत, भाऊजींच्या नावावर. ते विम्याचं काम बघायचे, त्यामुळे ब्रॉडबँड त्यांनीच घेतलं होतं, वाटणीच्या आधी. माझा कम्प्युटर मागच्या खोलीत. एमएस-सीआयटी केल्यावर मी घरीच मराठी टायपिंग सुरू केलं होतं. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, कुणाचे अर्ज. दोन कनेक्शनं कोणाला परवडत होती तेव्हा? म्हणून कम्प्युटरवाल्या मुलानं भाऊजींच्या कम्प्युटरमध्ये दुसरं लॅन कार्ड बसवलं, एका कार्डात मोडेमची वायर, दुसऱ्यात ही निळी. माजघराच्या भिंतीला भोकं पाडून ती थेट माझ्या टेबलापर्यंत आणली. विंडोजमध्येच 'इंटरनेट कनेक्शन शेअरिंग' नावाची सोय असते, १९९९ च्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ती आहे. तिथे एक बरोबरची खूण केली की एका कम्प्युटरचं नेट दुसऱ्याला मिळतं.

पहिल्याच दिवशी ते चाललं नाही, हेही सांगायला हवं. मुलानं साधी वायर आणली होती. त्या काळी दोन कम्प्युटर थेट एकमेकांना जोडायचे तर 'क्रॉस केबल' लागायची. साध्या वायरीत दोन्ही टोकांना रंगांचा क्रम सारखा असतो, क्रॉसमध्ये एका टोकाला तो बदललेला असतो. म्हणजे एकाचं बोलायचं टोक दुसऱ्याच्या ऐकायच्या टोकाला जाऊन भिडतं. साध्या वायरीत दोघंही बोलणारच, ऐकणारं कोणी नाही! (आमच्या घराची स्थिती तेव्हा काही वेगळी नव्हती.) आताच्या यंत्रांना हा फरक आपोआप कळतो.

या सगळ्या व्यवस्थेत एक मेख होती. पुढचा कम्प्युटर चालू असेल तरच मागे नेट. तो बंद केला की माझं नेट गेलं. चुली एकत्र होत्या तोवर याचं काही वाटलं नाही. 'ताई, जरा चालू करता का?' अशी माजघरातून हाक मारली की जाऊबाई चालू करायच्या. चुली वेगळ्या झाल्यावर ती हाक घशातच अडकायला लागली. सणवार सोडले तर पुढच्या खोलीत आमचं जाणं थांबलं होतं. दोघे भाऊ समोरासमोर आले तर मान हलवायचे, तेवढंच.

मग नेट गेलं की आमचे हे म्हणायचे, 'दादानं बंद केलं असेल.'

त्या दिवसांत नेट जायची कारणं काय कमी होती? लोडशेडिंग तर रोजचंच. वीज आली की दोन्ही कम्प्युटर आपण एकदम चालू करणार. माझा लवकर उठायचा, पुढचा उशिरा. माझ्या कम्प्युटरला त्याचा नंबर द्यायचं काम पुढच्याकडे, आणि तो तर अजून झोपेत. मग माझा स्वतःच कुठला तरी नंबर घेऊन बसायचा. हा 'नंबर' प्रकार समजला ना, की अर्धं काम झालं. आमच्या घराला नगरपालिकेचा घर नंबर एकच होता. पोस्टमन सगळी पत्रं ओसरीवर टाकायचा, आणि कोणाचं कोणतं ते बघून घरातलं माणूस आतल्या खोल्यांत वाटायचं. नेटचंही तसंच. बाहेरच्या जगाला आपल्या घराचा एकच नंबर दिसतो. आतल्या यंत्रांना आपापसांत वापरायला वेगळे नंबर असतात. जगात अशा नंबरांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी, ते पुरणार नाहीत हे आधीच दिसत होतं, म्हणून १९९० च्या दशकात काही नंबर खास घरगुती वापरासाठी राखून ठेवले गेले. १९२.१६८ ने सुरू होणारे नंबर त्यातलेच. तुमच्या घरी, माझ्या घरी, अमेरिकेतल्या भाचीच्या घरीही तेच नंबर असतील, आणि तरी गोंधळ होत नाही, कारण ते उंबऱ्याच्या आतले आहेत.

तेव्हाच्या विंडोजमध्ये नेट वाटणारा कम्प्युटर स्वतः १९२.१६८.०.१ हा नंबर घ्यायचा. तो आमचा 'ओसरीवरचा माणूस'. काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' टाइप करून एंटर दाबलं की आपला नंबर दिसतो. तो १९२.१६८.०. आणि पुढे काहीतरी असा असेल तर ओसरीपर्यंत आपली ओळख आहे. १६९.२५४ ने सुरू होणारा असेल तर समजायचं, आपण नंबर मागितला, पण कोणी दिलाच नाही. लोडशेडिंगनंतर माझं हेच व्हायचं. उपाय काय, तर पुढचा कम्प्युटर पूर्ण चालू होऊ द्यायचा, मग आपला बंद करून पुन्हा चालू करायचा. एवढंच! पण हे कळायला मला चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांत ह्यांनी किती वेळा 'दादानंच' म्हटलं असेल, त्याची गणती नाही.

कधी नंबर बरोबर असायचा, तरी नेट नाही. तेव्हा 'पिंग' करायचं. पिंग म्हणजे दार वाजवून बघणं. १९२.१६८.०.१ ला पिंग केलं आणि उत्तर आलं, म्हणजे ओसरीपर्यंत वाट मोकळी आहे, अडचण तिच्या पुढे आहे. बहुतेक वेळा पुढच्या कम्प्युटरवर ब्रॉडबँडचं 'कनेक्ट' बटण दाबायचं राहिलेलं असायचं. एकदा पिंगलाच उत्तर येईना. भाऊजींच्या कम्प्युटरमध्ये नवा अँटिव्हायरस टाकला होता, त्याची फायरवॉल मला परकी समजून दारातच अडवत होती. मुलानं येऊन परवानगी दिली तेव्हा वाट उघडली.

आता एप्रिल २००८ ची गोष्ट. एका शाळेच्या वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिका माझ्याकडे होत्या. तपासून, दुरुस्त करून संध्याकाळी सहाच्या आत जळगावच्या छापखान्याला मेल करायच्या होत्या. पाचवी ते नववी, सगळे विषय. माझं आजवरचं सगळ्यात मोठं काम. ते वेळेत गेलं असतं तर पुढच्या वर्षीही मलाच मिळालं असतं. दुपारी साडेतीनला बघते तर खाली कोपऱ्यात त्या दोन छोट्या कम्प्युटरांच्या चित्रावर लाल फुली!

लाल फुली म्हणजे वायरच जोडलेली नाही, असं कम्प्युटर म्हणतो. माझ्याकडची पिन काढून घट्ट बसवली. फुली तशीच. मागचा दिवा बघितला, विझलेला. आणि इथेच खरी पंचाईत होती. दोन कम्प्युटर थेट एका वायरीनं जोडलेले असले, की वायर तुटली तरी लाल फुली येते आणि समोरचा कम्प्युटर बंद केला तरी लाल फुलीच येते. इकडे बसून दोन्हीतला फरक कळतच नाही. 'बंद पडलं' की 'बंद केलं', हे माझा कम्प्युटर सांगू शकत नव्हता.

हे घरीच होते. म्हणाले, 'सांगितलं नव्हतं मी? आज तुझं काम आहे हे कळलं असणार.'

खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात तेच आलं. डोळ्यांत पाणी आलं. स्टेशन रोडच्या सायबर कॅफेकडे जायचं तर त्या भागात लोडशेडिंग, संध्याकाळी सहापर्यंत. पेन ड्राइव्ह घेऊन रेल्वेनं जळगाव गाठायचं तर छापखाना बंद व्हायच्या आत पोचणं कठीण. एकच प्रश्न विचारायचा होता, 'ताई, तुमचा कम्प्युटर चालू आहे का?' पण तो प्रश्न साधा राहिला नव्हता. कसाही विचारला तरी त्याचा अर्थ 'तुम्ही मुद्दाम बंद केलात का?' असाच निघाला असता. निदान मला तसं वाटत होतं. पंधरा मिनिटं मी मोबाइल हातात घेऊन बसले होते.

शेवटी लावला. जाऊबाईंनी उचलला. मी घाईघाईनं म्हटलं, 'ताई, माझ्याकडे लाल फुली येतेय, तुमच्याकडे काय दिसतंय?' हे वाक्य मला कसं सुचलं कोण जाणे, पण आजही मी तेच वापरते. 'चालू आहे का' असं विचारायचं नाही, 'काय दिसतंय' असं विचारायचं.

त्या म्हणाल्या, 'थांब, बघते. अगं, माझ्याकडेही एका चित्रावर फुली आहे. दुसरं चांगलं आहे. नेट चालू आहे माझं.'

म्हणजे त्यांचा कम्प्युटर चालू होता. फुली दोन्हीकडे होती. मग बिघाड उरला मधे, माजघरात.

मी माजघरात गेले, तर सासूबाई धान्य भरून हात झाडत उभ्या. वर्षाची दादर आली होती ना! कडुलिंबाचा पाला घालून कोठी काठोकाठ भरलेली आणि भिंतीला अगदी चिकटवून ठेवलेली. त्या भिंतीच्या बुडाशी माझी निळी वायर. वाकून बघते तर कोठीच्या पायाखाली वायर चपटी, वरचं आवरण फाटून आतल्या रंगीत तारा बाहेर.

'कोठी कोणी सरकवली?' मी विचारलं.

'तुना घरवालानी,' सासूबाई अहिराणीत म्हणाल्या. 'सकायलेच.'

मी मागे वळून ह्यांच्याकडे पाहिलं. हे परसात निघून गेले.

वायर त्या दिवशी बदलून होणार नव्हती. मी सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि पुढच्या दारानं, घराला वळसा घालून, जाऊबाईंकडे गेले. माजघरातून का गेले नाही, कोणास ठाऊक. त्यांनी खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला. पावणेपाचला मेल गेला. छापखान्यातून 'मिळाले' असं उत्तर आलं तोवर त्यांनी चहा टाकलेला होता. चहा पिताना त्या सहज बोलल्या, 'मी रोज सकाळी दहाला हा चालू करून ठेवते. ह्यांचं काम संध्याकाळीच असतं, पण दिवसा तुला लागतो ना. मध्ये वीज गेली की पुन्हा लावते. कधी झोप लागली तर राहून जातं बघ.'

विजेचं मीटर तेव्हा वेगळं झालं होतं. माझ्या नेटसाठी सहा महिने त्यांच्या मीटरवर एक कम्प्युटर चालत होता आणि मला पत्ता नव्हता. बिलाचे पैसे देऊ केले तर त्या रागावल्या. मग मी भाऊजींच्या विम्याच्या पत्रांचं टायपिंग करून द्यायला लागले. ते त्यांनी मुकाट्यानं घेतलं.

दुसऱ्या दिवशी नवी वायर आली, ती कोठीच्या पायाजवळून नाही, भिंतीवरून उंच, पट्टीत घालून नेली. भाऊजी स्टुलावर चढले होते आणि स्टूल ह्यांनी धरलं होतं. दोघे एकमेकांशी फक्त 'वर', 'खाली', 'जरा डावीकडे' एवढंच बोलले, पण बोलले.

काळ बदलला. पुढचा कम्प्युटर कायम चालू ठेवायची गरज राउटर आल्यावर संपली. तो डबाच आता ओसरीवरचा माणूस झाला, नंबर देतो आणि पत्रं वाटतो. आमच्याकडे फायबर आलं ते मात्र मागच्या बाजूनं, आमच्या खोलीत. म्हणजे आता नेट माझ्याकडून पुढे जायला लागलं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुतण्या पुण्याहून घरी आला. त्याचं ऑफिस घरातून, माझ्या मुलीचे तास घरातून. जुन्या घराच्या त्या जाडजूड भिंती! वाय-फायचे दोन प्रकार असतात, ५ गिगाहर्ट्झचं वेगवान असतं पण भिंतीत लवकर दमतं, २.४ चं हळू असतं पण लांब जातं. दोन-दोन भिंतींपलीकडे दोन्ही रडतच पोचायची. पुतण्यानं शक्कल लढवली. एक जुना राउटर कुठून तरी मिळवला, तीच जुनी वायर त्याला जोडली, दुसरं टोक माझ्या डब्याला. दोन दिवस छान चाललं. मग गंमत सुरू झाली. कधी माझ्या फोनवर नेट, तर लॅपटॉपवर नाही. कधी त्यांच्या टीव्हीवर आहे, तर पुतण्याच्या लॅपटॉपवर नाही. वाय-फायच्या दांड्या मात्र सगळीकडे भरलेल्या! तिसऱ्या दिवशी जाऊबाईंचा फोन. जरा अडखळत म्हणाल्या, 'अगं... तुझ्याकडे काय दिसतंय?'

मला हसू आलं. त्यांनाही विचारायला जड गेलं असणार.

मी दोन्ही घरांतल्या यंत्रांचे नंबर एका वहीत लिहून काढले. ज्यांचं नेट चालत होतं त्यांचे नंबर १९२.१६८.१ ने सुरू होत होते. ज्यांचं नाही त्यांचे १९२.१६८.० ने. मग डोक्यात प्रकाश पडला. एका घरात दोन कारभारी झाले होते! माझा डबाही नंबर वाटत होता आणि पुतण्याचा जुना राउटरही. यंत्राला जो आधी भेटेल त्याचा नंबर ते घ्यायचं, आणि बाहेरची वाटही त्यालाच विचारायचं. जुन्या राउटरला बाहेरची वाट माहीतच नव्हती, तो तर स्वतःच आत बसलेला. पुतण्यानं त्या राउटरचं पान उघडलं (राउटरचा नंबर ब्राउझरमध्ये टाइप केला की ते उघडतं), त्यातलं नंबर वाटायचं काम, त्याला 'डीएचसीपी' म्हणतात, बंद केलं आणि त्या राउटरला स्वतःचा नंबर १९२.१६८.१.२ दिला. सगळी यंत्रं एकदा बंद करून चालू केली. झालं. तुमच्या घरी कोणी दुसरा राउटर जोडला आणि तेव्हापासून नेट लपंडाव खेळायला लागलं, तर पहिल्यांदा हेच बघा.

एकाच यंत्राचा दोष असला तर कधी कारण भलतंच निघतं. जाऊबाईंच्या जुन्या कम्प्युटरवर बँकेची साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून उघडेना, त्याच नेटवर त्यांच्या फोनवर मात्र उघडत होती. कोपऱ्यात बघितलं तर तारीख २००९ ची! आतला नाण्यासारखा सेल संपला होता, त्यामुळे वीज गेली की तारीख मागे जायची. आणि सुरक्षित साइटची प्रमाणपत्रं तारीख बघून तपासली जातात, २००९ मध्ये ती जन्मलेलीच नव्हती. सेल बदलला, तारीख लावली, साइट उघडली.

आता फार काही करावं लागत नाही. सगळ्यांचंच गेलं की मी आधी डब्याचे दिवे बघते. फायबरच्या डब्यावर 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल झाला, की बाहेरून प्रकाशच येत नाही, मग घरात कितीही खटपट केली तरी व्यर्थ, तक्रार नोंदवायची. दिवे ठीक असले तर ८.८.८.८ या नंबरला पिंग करते. उत्तर आलं आणि तरी साइट उघडत नसेल, तर वाट ठीक आहे, फक्त नावावरून नंबर शोधणारी सेवा बिघडली आहे. डबा एकदा बंद करून चालू केला की बहुतेकदा ती ताळ्यावर येते.

गेल्या आठवड्यात दुपारी नेट गेलं. मी भाकरी थापत होते. जाऊबाई माजघरातून आत आल्या, माझ्याशी काही न बोलता आधी कपाटाजवळ गेल्या, चष्मा सावरून डब्यावर वाकल्या.

'लाल आहे गं,' म्हणाल्या. 'बाहेरूनच गेलंय.' आणि पाटावर बसून मेथी निवडायला घेतली.